आढीतलं पाणी

काकांना शांततेत झोप लागत नसे. पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि तिथल्या यंत्रांची घरघर कधी थांबत नसे. निवृत्त होऊन रत्नागिरीला वडिलांच्या घरात राहायला आल्यावर त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली. फक्त माजघरातला खडखडणारा पंखा तेवढा मुद्दाम तसाच ठेवला. "आवाज चालू आहे तोवर माणसानं झोपावं," ते म्हणत. "थांबला की उठून बघावं."

त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहायला आले, तेव्हा माझे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. जिथे मला कोणी ओळखत नाही अशा गावी जायचं, एवढ्यासाठी कोल्हापूर सोडलं होतं. खोल्या दाखवताना काकांनी विहीर दाखवली, विजेचं मीटर दाखवलं, माडांखालून कसं जायचं तेही दाखवलं. "वर बघत जाऊ नका, उगाच नारळाला कल्पना सुचते." मी जेवणात मासे करते म्हटल्यावर जरा विचारात पडले, कारण त्यांच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. मग म्हणाले, "मागच्या दारी करा. मागच्या दारी मी नसतो." शेवटी विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का तुम्हाला?"

"मला कशाचाच होत नाही," मी म्हटलं.

काका मग "बरं" म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या 'बरं'च्या मागून दुसरा प्रश्न आला नाही. खोल्या मी त्यासाठीच घेतल्या.

काकांनी लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण, आक्का. ती केळशीला, सासरच्या घरी, तीही एकटीच. देवाधर्माची कडक, सोवळं पाळणारी, आणि हाताला सतत काम लागणारी. रोज सकाळी तिचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मेल्या, जिवंत आहेस ना?" गणपतीला मात्र ती एस.टी.ने स्वतः यायची आणि विसर्जनापर्यंत घराचा ताबा तिच्याकडे असायचा.

ताब्यावरून आठवलं. वीजघरात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला म्हणतो, "चार्ज दिला." येणारा म्हणतो, "घेतला." हे बोलून झाल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, मग घरी काहीही झालेलं असो. काकांनी ही रीत घरी आणली होती. गॅसवर दूध ठेवून अंघोळीला जाताना मागच्या दारातून हाक यायची, "मॅडम, दुधाचा चार्ज!" मी "घेतला" म्हणेपर्यंत ते पंचा खांद्यावर टाकून तिथेच उभे. वाळत घातलेल्या आमसुलांचा चार्ज, विहिरीवरच्या पंपाचा चार्ज, उन्हाळ्यात माळ्यावरच्या आंब्यांचा चार्ज. त्या दिवसांत मी फार बोलत नसे. जे काही बोलत असे त्यातलं बरंचसं "घेतला" हेच होतं. त्यांना कोणी धन्यवाद म्हटलं की ते गोंधळून इकडेतिकडे बघायचे, पण "घेतला" म्हटलं की चेहरा उजळायचा. म्हणून मी त्यांचे आभार त्याच शब्दाने मानायला शिकले.

ॲक्वापोनिक्स हा शब्द त्यांनी फोनवरच्या एका व्हिडिओत ऐकला. व्हिडिओ तेलुगूत होता आणि काकांना तेलुगू येत नव्हतं, पण चित्र समजलं होतं. खाली टाकीत मासे. वर खडीने भरलेला वाफा, त्यात भाज्या. माशांच्या घाणीचं पाणी छोटी मोटार वाफ्यात चढवते, झाडं त्यातलं आपलं खाणं काढून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा टाकीत पडतं. माती लागत नाही, आणि पाणी टाकून द्यावं लागत नाही.

"हे शेवटचं बघा," ते मला म्हणाले. संध्याकाळची वेळ होती, आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. "पोफळीला काय व्हायचं मॅडम, कोयनेचं पाणी डोंगरातून उतरायचं, चक्र फिरवायचं आणि जायचं. वाशिष्ठीतून दाभोळला, समुद्रात. एवढी वर्षं मी पाणी जातानाच बघितलं. परत आलेलं एकदाही नाही."

"मग?"

"मग काय, मला ते परत आलेलं बघायचंय. गणपती ते गणपती. एक वर्ष तेच पाणी फिरलं पाहिजे. उन्हानं उडेल तेवढी भर घालू, पण बाहेर एक बादली टाकायची नाही."

त्यांची इच्छा एवढीच होती आणि ती त्यांनी कोणापासून लपवली नाही. दूधवाल्यालाही ठाऊक होती.

या विषयातलं आम्हा दोघांनाही काही येत नव्हतं. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट काहीतरी करून बघायचे. पुस्तकात लिहिलं होतं की खडी अशी घ्या जिचा रंग पाण्यात उतरत नाही. परसात जांभा दगड फुकट पडला होता, म्हणून त्यांनी चार दिवस बसून जांभा फोडला. पाणी सोडल्याबरोबर टाकी लालेलाल झाली. नेमकी तेव्हाच माझ्याकडे येणारी मासेवाली मावशी पाटी उतरवत होती. तिने वाकून बघितलं.

"काय वो काका, सोलकडी किती जनांची?"

"बसा, पेला आणतो."

"नको. माज्याकडं ताजा बांगडा हाय, त्याच्यासंगती ही नाय चालायची."

जांभा गेला, काळ्या दगडाची खडी आली. मग वाफ्यातलं पाणी खाली सोडण्याची नळी जमेना. या नळीची गंमत अशी की पाणी विशिष्ट पातळीला चढलं की ती एका दमात सगळं पाणी ओढून खाली सोडते, आणि वाफा रिकामा झाला की आपोआप थांबते. त्यामुळे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. आमची नळी एक तर सतत ठिबकायची, नाहीतर अजिबात सोडायची नाही. काकांनी किती प्रकारचे पाइप कापले, मोजदाद नाही. एका रविवारी मी आत भात टाकत होते आणि मागून मोठा घुटका घेतल्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ काकांची आरोळी.

"आलं! परत आलं!"

मी धावले. वाफ्यातलं पाणी धो धो टाकीत पडत होतं आणि काकांनी फोन त्या धारेजवळ धरला होता. "ऐक आक्का, ऐक!"

"नळ चालू ठेवलायस होय मेल्या? बंद कर आधी!" फोनमधून आक्का ओरडत होती.

त्या घुटक्याला काका 'आचमन' म्हणत. दिवसभर थोड्याथोड्या वेळाने आचमन व्हायचं. मोटारीची बारीक गुणगुण आणि मध्येच ते आचमन. माजघरातला पंखा त्यांनी त्यानंतर दुरुस्त केला.

मासे आणले दापोलीकडच्या एका शेततळ्यातून. चिलापीची बोटाएवढी पिल्लं, हवा भरलेल्या पिशव्यांत. काका एस.टी.त त्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "काका, ही मंडळी कुठं उतरणार?" काकांनी गंभीरपणे मंडळींचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टरने ते दिलं नाही, याची त्यांना पुढे बरेच दिवस रुखरुख होती. माशांना मात्र 'मंडळी' हे नाव कायमचं मिळालं. "मंडळी जेवली का?" "मंडळी आज गप्प आहेत." ते स्वतः मासा खात नसत, आणि हे मासे पुढे कोण खाणार हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असेल असं वाटत नाही. मावशीने विचारला.

"खानार कोन ह्ये? गोड्या पान्यातला मासा रत्नागिरीत कोन खातो काय? चिकलाचा वास येतो त्याला."

"तुम्ही खाऊन बघा."

"समुद्र आटू दे, मग येते."

पुस्तकातली मला सर्वांत अवघड वाटलेली गोष्ट वेगळीच होती. टाकी भरली, मोटार फिरली, मासे सोडले, म्हणून काम होत नाही. माशांच्या घाणीने पाणी विषारी होतं. त्या विषाचं झाडांच्या खतात रूपांतर करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, ते खडीवर हळूहळू वस्तीला येतात. त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर आपण काही करायचं नसतं. मासे थोडे ठेवायचे, खायला बेताचं घालायचं आणि वाट बघायची. खडी धुवायची नाही, पाणी बदलायचं नाही. वरून काहीच दिसत नाही, पाणी काल होतं तसंच आज.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा काकांनी डोळे उघडले. "म्हणजे पाणी आढीत घातलंय."

आढी म्हणजे आंबे पिकायला घालतात ती गवताची रास. त्यांच्या माळ्यावर दर उन्हाळ्यात असायची. हिरवे आंबे गवतात थरावर थर लावून ठेवायचे आणि विसरून जायचं. सारखं उघडून, दाबून बघितलं की आंबा पिकत नाही, चिरमुटतो. काकांना हे एकदम पटलं. त्यानंतर कोणी येऊन "काय काका, कुठवर आलं?" म्हणालं की उत्तर ठरलेलं. "पाणी आढीत आहे. हात लावू नका."

त्याच सुमारास कॉलेजमधल्या एक सहकारी मला भेटायला घरी आल्या. चांगल्या मनाच्या बाई. त्या माझा हात धरून विचारायला लागल्या, आता कसं वाटतं, झोप लागते का, पुढचा काही विचार केला आहेस का. काका टाकीपाशी पाइप घासत होते. तिथूनच म्हणाले, "बाई, त्या आढीत आहेत."

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. बऱ्याच महिन्यांनी मला हसू आलं आणि ते लपवायला मी चहा ठेवायला आत गेले.

गणपती जवळ आले. खडीवर हिरवट बुळबुळीत थर धरला होता, पालकाला पानं फुटली होती, अळू तरारलं होतं. काकांनी टाकीकडे बघून जाहीर केलं, "पाणी पिकलं." गणपतीच्या दिवसापासून वर्ष मोजायचं ठरलं. आक्का आली. गणपतीच्या आदल्या दिवशी काकांना चिपळूणला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी जावं लागलं आणि मी कॉलेजात. जाताना त्यांनी रीतीप्रमाणे आक्काला टाकी दाखवली.

"आक्का, चार्ज दिला."

"घेतला हो. जा."

आक्काने तो मनापासून घेतला. गणपतीला पाहुणे येणार, आणि भावाच्या हौशीच्या टाकीत हे शेवाळ! तिने सगळी खडी उपसली, नारळाच्या सोडणाने घासली, विहिरीत घालायला आणलेली जंतुनाशक पावडर लावून धुतली, टाकी रिकामी करून खळखळून घेतली आणि विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं. मासे तेवढा वेळ तिने बादलीत जपून ठेवले होते. मी संध्याकाळी आले तेव्हा ती कंबर धरून पायरीवर बसली होती. समोर खडी काचेसारखी चमकत होती.

"बघ गो, कशी लख्ख झालीय!"

मागून काका आले. पिशवी हातातच होती. त्यांनी वाकून एक खडा उचलला, बोटाने चाचपला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "आक्का, दमली असशील. चहा ठेवतो."

मंडळी ऋषिपंचमीपासून एकेक मरून वर यायला लागली. काका सकाळी उठून, आक्काच्या आधी, ती गोळा करायचे आणि माडाच्या बुंध्याशी पुरायचे. पण आक्का काही आंधळी नव्हती. तिसऱ्या सकाळी ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मी मारले ना रे?"

"नाही."

"खोटं बोलू नको माझ्याशी."

काकांनी खुरपं खाली ठेवलं. "काय करायचं नाही ते मी सांगितलं नव्हतं. आमच्यात चार्ज देताना सांगायचं राहिलं तर चूक देणाऱ्याची असते. घेणाऱ्याची नाही."

आक्का तिथेच माडाखाली बसून रडली. काका तिच्या शेजारी बसले, मातीचे हात तसेच गुडघ्यावर ठेवून. नंतर म्हणाले, "पाणी नवं झालं, एवढंच. परत आढी घालू." मी खिडकीतून हे बघत होते. कोणाचं काही हातून जावं आणि त्याने ज्याच्यामुळे गेलं त्याचीच समजूत काढावी, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. बघितलं तेव्हाच.

त्यानंतर आक्का टाकीजवळ गेली नाही. पण तिच्या रोजच्या फोनचं पहिलं वाक्य बदललं. "मेल्या, पाणी कसं आहे तुझं?"

अनंत चतुर्दशीनंतर काका पुन्हा दापोलीला गेले, पुन्हा पिशव्या मांडीवर. पुन्हा वाट बघणं. दिवाळीनंतर कधीतरी पाणी पिकलं. पण वर्ष मोजायचं ते त्यांनी पाणी भरलं त्या दिवसापासून, म्हणजे गणपतीपासूनच. "धुतलं कोणी का असेना, पाणी त्या दिवसाचं आहे." थंडीत आम्ही पालक, पुदिना, चवळी इतकी खाल्ली की मावशी म्हणाली, "मॅडम, मासं सोडलंत वाटतं. त्या काकांनी बाटवलान तुमाला."

वैशाखात वादळ आलं. सकाळीच वीज गेली, माड जमिनीला टेकतील असे वाकत होते. मोटारीची गुणगुण थांबल्याबरोबर काका बाहेर आले. इन्व्हर्टर घ्या असं सगळ्यांनी त्यांना सांगून झालं होतं. "मी वीजघरातला माणूस, साठवलेल्या विजेवर जगू?" हे त्यांचं उत्तर. आता हा वीजघरातला माणूस डोक्यावर पोफळीचं जुनं हेल्मेट घालून टाकीवर वाकला होता. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

"मॅडम, तांब्ये आणा. दोन."

"वायरमनला फोन करू का?"

"तो आत्ता खांबावर असेल. फोन घ्यायला एक हात सोडेल. नको." त्यांनी तांब्या बुडवला, हात वर नेला आणि धार सोडली. "वरून ओता. टपरीवर चहा ओततात तसा. पाण्यात हवा गेली पाहिजे."

आम्ही ओतत राहिलो. ते थकले की मी, मी थकले की ते, प्रत्येक वेळी चार्ज देऊन-घेऊन. दुपार झाली. पावसाने दोघंही निथळत होतो. त्या उघड्या तोंडांकडे बघता बघता मी बोलायला लागले. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत ह्यांना श्वास पुरत नसे. मी कॉटशेजारी बसलेली असायची आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं यंत्रं करत होती, नर्स करत होत्या. मला तिथून उठताही येत नव्हतं आणि बसूनही काही होत नव्हतं. इतके महिने मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. इथे हातात तांब्या होता, म्हणून सांगता आलं.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हात बदला. थोडा वेळ डावा घ्या."

मी डावा घेतला. दुसऱ्या दिवशी वीज येईपर्यंत काही मासे गेले, बरेचसे राहिले. मोटार गुणगुणली, थोड्या वेळाने आचमन झालं. काकांनी हेल्मेट काढलं आणि मोटारीला म्हणाले, "चार्ज दिला हो."

पुढे पावसाळ्यात मासेमारी बंद झाली. मावशीची पाटी घरी पडून. एक दिवस ती रिकाम्या हाताने आली आणि टाकीकडे न बघता म्हणाली, "एकदोन द्या तर. बगते."

"घ्या. घेताना मला सांगू नका," म्हणून काका पुढच्या दारी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल विचारला. मावशी नाइलाजाने म्हणाली, "वाईट नाय. समुद्रातला मासा आपलं मीठ घेऊन येतो. ह्याला आपन घालायला लागतां, येवडंच." काका दिवसभर खूश होते. चवीबद्दल त्यांना काही वाटत नसावं. मंडळी रत्नागिरीत उतरली, याचं वाटत असावं.

आषाढ संपता संपता एका सकाळी ते पायरीवरून उठलेच नाहीत. छातीवर हात होता. रिक्षातून दवाखान्यात नेताना त्यांनी फक्त पाण्याची पातळी विचारली. संध्याकाळी मी कॉटशेजारी बसले होते.

"गणपती कधी आहेत?" त्यांनी विचारलं.

"महिन्याभरावर आले."

"म्हणजे झालंच आहे जवळजवळ." ते थोडा वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. तो खडखडत नव्हता. "मॅडम, चार्ज दिला."

"घेतला," मी सवयीने म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. पहाटे ते गेले. ते शब्द झाल्याशिवाय काका कधी जागा सोडत नसत. मला नंतर पुष्कळदा वाटलं की मी तो शब्द जरा थांबून म्हणायला हवा होता.

आक्का सकाळच्या गाडीने केळशीहून आली. पाऊस लागून राहिला होता आणि वीज गेलेली. पुरुषमाणसं काकांना घेऊन गेली आणि घरात आम्ही बायका उरलो. माणूस गेला की घरात साठवलेलं पाणी ओतून टाकतात, तशी शेजारच्या वहिनींनी सुरुवात केली. पिंप, हंडा, कळशी, एकेक अंगणात पालथं होत होतं. मग त्या बादली घेऊन मागच्या दारी आल्या.

"आक्का, ही टाकी पण उपसायला हवी ना? साठवणीचंच पाणी."

मी दारात उभी होते. चार्ज माझ्याकडे होता. पण मी भाडेकरू, घराची रीत मी काय सांगणार? आणि रीत मोडायला आक्काला सांगणं, तेही त्या दिवशी? वर्ष महिन्याभरात संपणार होतं. मी आक्काकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"ते साठवणीचं नाही," ती म्हणाली.

"अहो, मग कसलं?"

"फिरतं आहे. नदीचं पाणी कोणी ओतून टाकतं का?"

वहिनींनी टाकीत डोकावून बघितलं. मोटार बंद, पाइप कोरडा, पाणी स्तब्ध. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. "फिरतंय कुठं? उभं आहे की!" त्या वाईट मनाने नव्हत्या म्हणत. दिसत तसंच होतं.

मी त्यांच्या हातातून बादली घेतली. टाकीत बुडवली आणि उंच करून वाफ्यात ओतली. अळवाची पानं हलली, पाणी खडीत शिरून दिसेनासं झालं. दुसरी बादली ओतली. तिसरी. काहीच झालं नाही. वहिनी एकदा माझ्याकडे, एकदा आक्काकडे बघायला लागल्या. माझे हात भरून आले होते. मी आणखी एक ओतली.

आणि आचमन झालं. नळीने मोठा घुटका घेतला आणि वाफ्यातलं सगळं पाणी धो धो करत टाकीत उतरलं. मासे त्या धारेखाली गोळा झाले.

आक्का उठून टाकीपाशी आली. तो आवाज तिने फोनवर आणि घरातून कितीदा ऐकला असेल, पण टाकीपाशी उभं राहून ते पाणी उतरताना कधी बघितलं नव्हतं. पदर तोंडाला लावून ती धार संपेपर्यंत बघत राहिली.

"परत आलं गो," ती म्हणाली. मग वहिनींकडे वळून, नेहमीच्या कडक आवाजात, "बघितलंत? फिरतंय. ह्याला सुतक नाही. चला, तुम्ही पुढचं बघा."

वहिनी गेल्या. आक्काने निऱ्या वर खोचल्या, खडीवरच्या हिरव्या बुळबुळीत थराला हात लागू नये अशी जपून काठावर बसली आणि बादलीसाठी हात पुढे केला.

"तू जा, अंघोळ करून घे. वीज येईपर्यंत मी आहे. वरून ओतायचं, एवढंच ना? दुसरं काही करायचं नाही?"

"दुसरं काही नाही."

मी बादली दिली, पण पाय निघेना. आक्काने वर बघितलं.

"काय म्हणायचं असतं ते तुमच्यात?"

"चार्ज."

"हां. तो दे."

मी दिला.

"घेतला," आक्का म्हणाली आणि बादली पाण्यात बुडवली.